मिंधेपणाचा ताळेबंद

मराठी माणूस एक वेळ उपाशी राहील, पण कुणाचा मिंधा होणार नाही, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. सांगणारा बहुधा दुसऱ्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्याचा चहा पीत असतो, पण ते सोडा. हॉटेलात चार मराठी माणसं जेवली आणि बिल आलं, की त्यांच्यात जी झटापट होते ती पाहून परक्याला वाटावं, कुणाचं तरी पाकीट मारलं गेलंय. तसं काही नसतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पावणेदोनशे रुपयांच्या उपकारातून सुटायचं असतं. शोकसभेतलं एक वाक्य तर ठरलेलंच आहे: "गेले, पण कुणाचं पाच पैशांचं देणं ठेवून गेले नाहीत!" यावर माना डोलतात. मागच्या रांगेत मात्र सभेच्या खुर्च्यांचं भाडं कुणी द्यायचं यावर कुजबुज चालू असते.

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. म्हणजे दुसऱ्याच्या देण्याघेण्यावरच माझं पोट चालतं. दिवसाकाठी दोघं-तिघं तरी माझ्या काऊंटरवर 'नो ड्यूज'चा दाखला मागायला येतात. बँकेचं काही येणं नाही असा तो कागद. तो हातात पडला की माणसाच्या चेहऱ्यावर काशीस्नान करून आल्याचं तेज चढतं. मी शिक्का मारतो, सही करतो आणि मनात म्हणतो, बाबा रे, हे आमच्या शाखेपुरतं झालं. बाकीच्या जगाचं काय?

आता, कुणाचंही काहीही देणं नसणं ही चांगली गोष्ट आहे की वाईट, हा प्रश्न बँकेच्या वेळेत पडण्यासारखा नाही. तो पाडायला आमचे साडू लागले.

आमचे साडू पुण्याचे. यातच पुष्कळसं आलं. कंपनीतून वेळेआधी निवृत्त झाले आणि 'कुणाकडे काही मागायचं नाही' या तत्त्वाला त्यांनी पूर्णवेळ वाहून घेतलं. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सरकारनं हे धोरण आपल्याला उद्देशूनच काढलं आहे अशी साडूंची ठाम समजूत झाली. त्यांनी एक जुनी तेरा आसनांची गाडी घेतली, आसनं उपटून टाकली आणि आत दोन पलंग, एक ओटा, गॅसची शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी, टपावर सौर पत्रे आणि कोपऱ्यात एक कपाट बसवलं. त्या कपाटात कपडे ठेवत नाहीत. माणूस आत शिरतो आणि गुडघे हनुवटीला टेकवून स्वाभिमानानं बसतो. "आता सासुरवाडीला गेलो तरी सासऱ्यांच्या न्हाणीघराचा मिंधा नाही," साडू म्हणाले. सासरे हे माझेही सासरे असल्यामुळे मी गप्प राहिलो.

बँकवाल्याला रजा मिळते ती मार्च एंडिंगनंतर. त्यामुळे ज्या महिन्यात चंद्रपूरची माणसंसुद्धा चंद्रपुरातून बाहेर पडायचं म्हणतात, त्या एप्रिल महिन्यात आम्ही दोन साडू आणि दोन बहिणी नागपूरहून त्या गाडीत बसून चंद्रपूरला गेलो. बेत असा, की चंद्रपुरात गाडी नीट करून घ्यायची, शिधा भरायचा आणि मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडपर्यंत जायचं. वाटेत कुणाकडे पेलाभर पाणी मागायचं नाही.

चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा. गोंड राजांचा दगडी परकोट गावाला अजून आहे, जटपुरा दरवाजातून वाहनं अजून अंग चोरून आतबाहेर करतात. हवेत मात्र कोळसा. मिस्त्रीनं गाडीचा एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला तेव्हा जी भुकटी पडली तिच्यावर एका माणसाचं पाणी तापलं असतं. मिस्त्री भला माणूस होता. इंजिन ऑइल बदललं, ग्रीसिंग केलं, फॅनबेल्ट नवा टाकला, ब्रेक पाहिले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "साहेब, गाडी जड होऊन राहिली. एवढं सामान कायले? तिकडं मानसं राहतात ना!"

साडूंना हा प्रश्नच कळला नाही. त्यांच्याजवळ यादी होती. प्लॅस्टिकमध्ये मढवून ती दाराच्या आतल्या बाजूला टांगली होती. डिझेलची टाकी भरली. वर दोन कॅन. गॅसची पाच किलोची टाकी भरलेली एक, राखीव एक. गोल बाजारातून तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे, लिंबं. मेणबत्त्या, आणि मेणबत्त्या संपल्या तर टॉर्च, आणि टॉर्च संपला तर पुन्हा मेणबत्त्या. सर्पदंशापासून अपचनापर्यंतच्या औषधांची पेटी. मला मौज वाटली ती एका शब्दाची. साडू सारखे 'तरतूद, तरतूद' करत होते. आमच्याकडेही तरतूद असते. कर्ज बुडणार असं वाटलं, की नफ्यातली काही रक्कम बाजूला काढून ठेवायची, तिला हिशेबनीस तरतूद म्हणतो. म्हणजे तरतूद ही अविश्वासाची रक्कम आहे. समोरच्यावर विश्वास जितका कमी, तितकी तरतूद जास्त. साडूंच्या गाडीत अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यावरचा अविश्वास चार पेट्या आणि सहा पिशव्यांत भरून ठेवला होता. गाडी जड होणारच.

पाणी भरणं हा सोहळा होता. टाकी भरत असताना साडू अभिमानानं म्हणाले, "हे आपलं पाणी. विकत घेतलेलं." मी विचारलं, "आणि विकणाऱ्यानं कुठून आणलं?" चंद्रपूरच्या नळाला इरई धरणाचं पाणी येतं. त्याच धरणाचं पाणी तिथल्या महाऔष्णिक वीजकेंद्राला जातं. आज २,९२० मेगावॅट क्षमतेचं हे राज्यातल्या सर्वांत मोठ्या औष्णिक केंद्रांपैकी एक. वीज राज्याच्या जाळ्यात जाते, साडूंच्या पुण्यातल्या फ्लॅटचा एसी त्याच जाळ्यावर चालतो, आणि राख मात्र चांद्यालाच राहते. साडूंनी विजेचं बिल एक दिवसही थकवलेलं नाही. पण बिलात राखेचा रकाना नसतो.

टाकीतलं सांडपाणी सोडायचा प्रश्न आला तेव्हा तर मला तत्त्वज्ञानच सुचलं. सकाळपासून आम्ही घेतच होतो: डिझेल, पाणी, गॅस, तांदूळ, हवासुद्धा, टायरमध्ये. आमच्याकडून जगाला द्यायची अशी ही एकच वस्तू होती, आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी एका वॉशिंग सेंटरवाल्यानं शंभर रुपये घेऊन ती स्वीकारली. साडूंनी पावती मागितली.

आता साडूंच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पदराला शिधा बांधून निघणं हा काही गुन्हा नव्हे. आमच्याकडची जुनी माणसं रेंगी जुंपून जत्रेला जात, तेव्हा गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे आणि आत पिठाची पिशवी. पंढरीच्या वारीत दिंडीमागं ट्रक असतोच. त्यात तंबू, सिलिंडर, तांदूळ, सगळं. पण दिंडीची गंमत अशी, की ट्रक भरलेला असूनही वारकरी गावोगावच्या पंगतीला बसतो, आणि वाढणारा गावकरी जेवणाऱ्याच्या पाया पडतो. उपकार कुणी कुणावर केला हे तिथं कुठल्याही ऑडिटरला सांगता यायचं नाही.

चंद्रपूर, मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाटेत जागोजागी तळी दिसतात. इकडे त्यांना मामा तलाव म्हणतात. साडूंना वाटलं, कुणा मामांनी बांधले. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तळी खणायची परंपरा आहे. पुढं ती मालगुजारांकडे आली, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' लिहून कारकुनांचे हात दुखले असावेत, म्हणून 'मामा'. (कारकुनानं भाषेला दिलेली ही देणगी मी व्यवसायबंधू म्हणून अभिमानानं नमूद करतो.) मला ते नाव फार आवडतं. या भागातलं पुष्कळसं धान मामाच्या पाण्यावर पिकतं. आम्ही चंद्रपुरात विकत घेतलेला तांदूळ तिथलाच असणार. म्हणजे आम्ही सगळे भाचे. मामाच्या घरी जेवून 'मी कुणाचा मिंधा नाही' म्हणणाऱ्या भाच्याला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहिता येत नाही.

गडचिरोलीत साडूंना त्यांच्या मतासाठी एक भक्कम साक्षीदार सापडला. धानोरा रस्त्यावरचं मेंढा (लेखा) गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. साडू म्हणाले, "बघा! स्वावलंबन! कुणाकडे हात पसरणं नाही!" म्हटलं, खरं आहे. पण त्या गावाचा दुसरा नियम ऐका. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. एक माणूस 'नाही' म्हणाला तरी गाव थांबतं, पुन्हा बसतं. म्हणजे सरकारपुढं ताठ उभं राहणारं ते गाव आतमध्ये एकमेकांना इतकं बांधलेलं आहे, की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आमची हाऊसिंग सोसायटी याच्या बरोब्बर उलट आहे. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, आणि सरकारी नोटीस आली की सगळे चळाचळा कापतात.

आलापल्ली सोडली आणि जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. मोहाचे दिवस होते. पहाटे बायामाणसं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. आपल्याला हे चित्र मोठं काव्यमय वाटतं. पण या दोन जिल्ह्यांत मोह आणि तेंदूपानं गोळा करायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, माणसं जातात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात. वाघ वाचला म्हणून आपण शहरात टाळ्या वाजवतो, त्या वाघाचा हप्ता ही वाकलेली पाठ भरते. हेही कुठल्या बिलात येत नाही.

तिथंच एका कोरड्या नाल्याजवळ, चहा करायला सावलीत घ्यावी म्हणून साडूंनी गाडी रस्त्याखाली उतरवली आणि मागचं चाक वाळूत बसलं. आमच्याकडे जॅक होता, दोर होता, राखीव टायर होता, फावडंसुद्धा होतं. जॅक लावला, तो गाडी वर उचलायच्या ऐवजी स्वतःच वाळूत खाली गेला. यादीत सगळं होतं. नव्हती ती फक्त आठ माणसं.

ती आली. कुणी बोलावलं नव्हतं. एक म्हातारबाबा पुढं, मागं सात-आठ पोरं. बाबांनी चाक पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आमच्यावर फार वेळ घालवला नाही. लाकडं आणून चाकाखाली घातली आणि तासाभरात गाडी रस्त्यावर. घामानं निथळणाऱ्या आम्हा चौघांना त्यांनी सावलीत बसवलं आणि कुणीतरी भोपळ्याच्या तुंब्यातून आंबील आणली. पानाच्या द्रोणात प्यायलो. आमच्या गाडीत त्या वेळी साठ लिटर विकतचं पाणी होतं. त्या आंबिलीसारखं त्यातलं एक भांडंही लागलं नसतं.

मग साडूंनी पाकीट काढलं. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता: आठ माणसं, एक तास, शिवाय आंबील. बाबा 'नको' म्हणाले. साडूंनी रक्कम वाढवली. बाबा पुन्हा 'नको'. मोबाइलला तिथं रेंज नव्हती, नाहीतर साडूंनी त्यांच्याकडे स्कॅन करायला चौकट मागितली असती. तिसऱ्या वेळेला बाबांचा चेहरा बदलला. रागावले नाहीत. आपल्या अंगणात आलेल्या पाहुण्यानं जेवणाचं ताट सरकवून बिल मागावं, तसं काहीसं त्यांना झालं असावं. "पैसे देऊन तुम्ही मोकळे होता," ते सावकाश म्हणाले, "मग परत कायले याल?"

हे सांभाळलं आमच्या बायकांनी. एकीनं पोरांना चिक्की वाटली, दुसरीनं म्हाताऱ्या बाईंना मेणबत्त्यांचा पुडा दिला. तो त्यांनी लगेच घेतला, आणि आम्हाला सुकलेल्या मोहफुलांची पुरचुंडी बांधून दिली. साडूंना अंगणातल्या झाडाच्या चार कैऱ्या हव्या होत्या, लोणच्यासाठी. त्या मात्र मिळाल्या नाहीत. आंब्याचा पंडुम अजून झाला नव्हता. माडिया लोकांत तो सण होईपर्यंत नवा आंबा तोंडात घालत नाहीत. ज्या घरानं आंबील फुकट दिली, त्या घरानं कैरी पैशानंही दिली नाही. झाडाचंसुद्धा आपण काही लागतो, आणि ते आधी फेडायचं असतं, असा तो हिशेब. निघताना बाबा एवढंच म्हणाले, "वापस येताना थांबजा."

भामरागडपर्यंत साडू बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण हे बरोबर नाही. आपण फुकट कसं घ्यायचं? आनंदवनात काय सांगतात? दान नको, काम द्या."

साडूंनी बोलता बोलता नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. वरोऱ्याला जाताना आम्ही आनंदवन पाहिलं होतं. बाबा आमट्यांनी ते उभं केलं ते दया मागण्यासाठी नव्हे हे खरंच आहे. पण कुष्ठरोग्यांचं दुःख काय होतं? त्यांना कुणी काही देत नव्हतं असं नाही. लोक लांबून पैसा फेकत होतेच. त्यांच्या हातचं कुणी घेत नव्हतं, हे दुःख. सुरुवातीच्या काळात आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायला वरोऱ्याचं गिऱ्हाईक कचरत असे. ती भाजी ज्या दिवशी बाजारात खपू लागली, त्या दिवशी ती माणसं पुन्हा माणसांत आली. माणसाला खाली बसवायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याला नुसतं देत राहायचं आणि परतफेड करू द्यायची नाही. हा सावकाराचा आणि पुढाऱ्याचा मार्ग. यातून येतो तो खरा मिंधेपणा, आणि त्याला घाबरलंच पाहिजे. दुसरा, त्याच्या हातचं काही घ्यायचंच नाही. हा आम्हा सभ्य लोकांचा मार्ग. याला आम्ही स्वाभिमान म्हणतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. तुम्ही बँकेत ठेव ठेवता, ती ताळेबंदात बँकेच्या मालमत्तेत जात नाही. ती देण्याच्या बाजूला लिहितात. बँक जितकी मोठी, तितकी तिची देणी मोठी. ज्या बँकेची देण्याची बाजू कोरी, ती श्रीमंत बँक नव्हे. ती कुणीही विश्वास न टाकलेली बँक. तिचं शटर आज ना उद्या खाली येणार. माणसाचंही असंच असावं असं मला वाटू लागलंय. 'माझं कुणाचं काही देणं नाही' असं छातीवर हात ठेवून म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाही तर त्याचं दुकान बंद झालेलं असतं.

बहुधा खोटंच बोलतो. मी ज्या कागदावर नो ड्यूज लिहून देतो, तसल्या कागदासाठी गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कारखान्यात गेलेला आहे. ज्या दिव्याखाली मी सही करतो त्याच्या तारेचं दुसरं टोक चांद्याच्या कोळशात आहे. म्हणजे 'देणं नाही' हे वाक्यच मुळी उधारीच्या कागदावर उधारीच्या उजेडात लिहिलेलं असतं. यावर लगेच सगळं फेडून टाका असं मी म्हणत नाही, फिटणारही नाही. निदान खात्यावर आपलं नाव आहे एवढं कबूल करावं, पाकीट काढायची घाई करू नये, आणि सवड काढून परत जावं.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कॉमर्स न शिकता ठाऊक होतं. शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं, तर ती वाटी त्या कधी रिकामी परत करत नसत. चार दाणे शेंगांचे, चिमूटभर साखर, काहीतरी घालूनच द्यायच्या. आपण समजतो, हे फेडणं झालं. फेडायचं असतं तर वाटी मोजून भरली असती. त्या मुद्दाम कमी-जास्त घालत. कमी घातलं तर आपण तिचं लागतो, जास्त घातलं तर ती आपलं लागते. बरोबरी झाली, की वाटीचं येणंजाणं थांबलं, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन स्वाभिमानी घरं उरली.